गालाला लागलेली हवा

बाबा,

आज सकाळी नाशिकहून परळला परत यायला निघाले आणि गाडीत समोर टायरचा पिवळा दिवा लागला. आता चाकाच्या आतच सेन्सर असतो, हवा कमी झाली की तो दिवा लावून मोकळा होतो. थंडी अशी की स्टिअरिंग हातात धरवत नव्हतं. माझी लेक म्हणाली, "आई, सेन्सर येडा झालाय. थंडीत होतं असं. चल ना यार." मलाही तेच ऐकायचं होतं. पण पुढे कसाऱ्याचा घाट आणि शेजारी पोटची पोर, म्हणून पंपावर थांबले. हवा भरणारा म्हणाला, "थंडीत हवा बसते ताई, पण चारी चाकांची सारखी बसते. तुमचं मागचं एकच उतरलंय. सेन्सरला नावं ठेवू नका, कुठंतरी गळतंय." बाजूला ट्रक घरघरत होता, कानाला काही कळेना. मग मी काय केलं असेल, ओळखा. उकिडवी बसले आणि व्हॉल्व्हपाशी गाल नेला.

संपात तुमची गिरणी बंद पडली ती कायमचीच, आणि तुम्ही भायखळ्याला पंक्चरच्या दुकानात लागलात. गिरणीच्या साचेखात्यात मागांच्या खडखडाटात कान आधीच गेलेले, हवेचा सुसकारा ऐकू येणार कसा? तुम्ही ट्यूबवर गाल फिरवत बसायचात. गिऱ्हाईक हसलं की म्हणायचात, "हवा कानाक गावली नाय, तरी गालाक गावता." घरी मात्र तुम्हाला काही गावत नव्हतं. चाळीच्या गॅलरीत सगळे हसले की तुम्ही जरा उशिरा हसायचात आणि हळूच मला विचारायचात, "काय म्हणता गो तो?" मी म्हणायचे, "काही नाही, बाबा." रोज कोण घसा फोडणार! खरं तर घसा फोडायची गरजच नव्हती. गिरणीत साच्यांच्या आवाजात तुम्ही सगळे कामगार एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायचात. मी फक्त तोंड तुमच्याकडे वळवायचं होतं. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. पुढे पुढे तुम्ही विचारायचंच सोडलंत. आई म्हणाली, "हल्ली गप गप असतत हे." तिला काळजी वाटत होती, आणि मला वाटलं, सुटले एकदाची. बाबा, खरंच तसं वाटलं होतं मला. आज ते आठवलं की जेवण गोड लागत नाही.

पत्र वाचायला कान लागत नाहीत, हे तेव्हा सुचलं नाही. आता लिहायला बसलेय, तर हे टाकू कोणत्या पत्त्यावर?

व्हॉल्व्हपाशी गालाला बारीक, गार धार लागली. "गावली, बाबा," असं मी चाकाकडेच तोंड करून पुटपुटले. मागून लेकीनं विचारलं, "काय म्हणालीस गं?"

तिचे कान चांगले आहेत. मी मान न वळवता म्हटलं, "काही नाही."

त्या माणसानं व्हॉल्व्हची पिन बदलली, हवा भरली. थोडं पुढे गेल्यावर दिवा विझला. घाट उतरेपर्यंत लेकीनं पुन्हा काही विचारलं नाही.