पेनल्टीचा ठिपका

रविवार, ३ ऑक्टोबर

हरलो. परत पेनल्टी, परत गोल! आपल्या मैदानावर या वर्षी आपल्याविरुद्ध सहा पेनल्ट्या झाल्या, सहाच्या सहा आत. आणि गोलात उभी कोण — माझी सून. मी रेषेबाहेरून ओरडले, खांबासारखी काय उभी राहतेस, हल की जरा! ओरडायचं नव्हतं. पण तोंड माझं, सुटलं की सुटलं. समोरच्या संघाबरोबर आलेल्या बायकासुद्धा हसल्या.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, आई, निदान मैदानावर तरी सासू होऊ नकोस. मी म्हटलं, तिथं मी सासू नाही, फुटबॉल संघाची माणूस आहे, तुझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून. सून नीट जेवली नाही.

सोमवार, ४

धुणं. चौदा जर्स्या, चौदा चड्ड्या. मोज्यांच्या जोड्या जन्मात लागायच्या नाहीत. मैदान आखायची दोरीही उकळत्या पाण्यात टाकली. आखणी झाली की ती चुन्याच्या फक्कीनं पांढरी फटक होते, ते मला बघवत नाही. आधीची नायलॉनची होती, हाताला कापायची. गेल्या वर्षी ती तुटली तेव्हा मीच ही सुती आणली, जुनीला लावून मोजली आणि गाठ मारली. कोच म्हणतो, दोरी कोण धुतं हो? मी धुते.

बुधवार, ६

कोच घरी आला होता. सुनेनं ग्लोव्हज त्याच्या हातात ठेवले. म्हणाली, बाळंतपणानंतर अंगात चपळाई राहिली नाही, दुसरीला उभं करा. कोच माझ्याकडे बघतोय — तुम्ही तरी काही बोला. आणि मी काय बोलले? "जमत नसेल तर सोडू दे की. उगाच ओढून कशाला?"

तिनं ऐकलं. मान हलवली आणि आत भाजी चिरायला गेली.

लग्न होऊन आली तेव्हा या गावात तिचं कुणी नव्हतं. मीच तिला मैदानावर नेली. हात लांब आहेत म्हणून मीच गोलात उभी केली. तिच्या मैत्रिणी, तिचं हसणं-बोलणं, सगळं तिथलंच. आणि मीच आज — जाऊ दे. लिहवत नाही.

शनिवार, ९

उद्यासाठी आखणी करायला गेले. सुतार तिथं बाकाची मोडकी फळी बदलत होता.

रेषांचं मी डोळे मिटून करते. कोपऱ्याकोपऱ्यांत जमिनीत खिळे ठोकलेत, ते शोधायचे, सुतळी ताणायची, फक्की सोडत जायची. फक्त पेनल्टीच्या ठिपक्याला खिळा नाही, तिथं पोरींचे पाय पडतात. त्यासाठी ही दोरी. एक टोक गोलाच्या रेषेवर धरायचं, गाठ येईल तिथं ठिपका. आज दोरी घरीच वाळत राहिली. परत कोण जातंय! सुताराची टेप घेतली. अकरा मीटर मोजले.

टेपनं दाखवलेली जागा एकीकडे, मागच्या रविवारचा पुसट ठिपका गोलाच्या बाजूला — मधे माझं अख्खं एक पाऊल!

सुताराला म्हटलं, तुझी टेप बिघडलीय. म्हणाला, "वहिनी, पोलादी आहे ती. ती काय बिघडणार?" दुसऱ्या गोलाकडे जाऊन मोजलं. तिथंही तेच. मग धापा टाकत घरी गेले, दोरी आणली, टेपशेजारी पसरली.

आटली होती. वर्षभर उकळून उकळून आटवली मी!

इतक्या जवळून मारल्यावर कोण अडवणार? याच वर्षी बाहेरच्या मैदानांवर या पोरीनं दोन अडवल्या होत्या. तेव्हा मी म्हटलं होतं, नशीब.

सुतार म्हणाला, मी कुणाला काही बोलत नाही. मी म्हटलं, तू नकोच बोलूस, ते मी बघते. मोठा आव आणून म्हटलं. जेवताना ती समोर बसली होती. वरण वाढलं, भात वाढला. बोलले काहीच नाही.

रविवार, १०

बरोबरी. पेनल्टी झाली नाही. गोलात दुसरी पोरगी. सून घरी, म्हणे डोकं दुखतंय. ठिपका बरोबर जागी होता आणि मी अजून गप्प. एरवी गावाला ऐकू जाईल एवढं तोंड, आज दातखीळ बसली.

सोमवार, ११

सांगितलं.

ती कपडे वाळत घालत होती, मी चिमटे देत होते. चौथा का पाचवा चिमटा देताना एका दमात बोलून टाकलं. तिला आधी कळेचना. दोरी आटली म्हणजे काय, म्हणाली. मग अंगणात टेप पसरली, सुताराकडून मागूनच आणली होती. फाटकाची रेघ धरली गोलाची. खरा ठिपका पाण्याच्या टाकीपाशी, माझा ठिपका चांगलाच अलीकडे. ती आधी इथं उभी राहिली, मग तिथं. दोन्हीकडून फाटक बघून घेतलं.

"म्हणजे मी मंद झाले नव्हते?"

"नाही गं. माझीच चूक. सहाच्या सहा."

मला वाटलं रडेल. पायरीवर बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता रडली. मग डोळे पुसून म्हणाली, दोरीचं ठीक आहे, पण ते खांब म्हणालात ना आई, ते मी विसरणार नाही. मी म्हटलं, नकोच विसरू.

छातीवरचा धोंडा उतरला. दुपारी तीन पोळ्या खाल्ल्या.

मंगळवार, १२

कोचला सांगितलं. सगळ्या पोरींसमोरच, मागाहून कुजबुज नको. म्हटलं, आखणी आता दुसऱ्या कुणाला तरी द्या. कोच म्हणाला, रेफरीला कळवतो, पण निकाल काही बदलायचे नाहीत. दोन्हीकडचा ठिपका सारखाच चुकलेला, म्हणजे दोन्ही संघांना तेवढंच अंतर. मी म्हटलं, हो, पण आपल्याला इथं एकच मिळाली होती आणि ती कॅप्टननं आभाळात मारली. कॅप्टन म्हणाली, "काकू, एवढ्या जवळून मी चुकवली हे आता सगळ्या गावाला कळणार की!"

हसून हसून पुरेवाट. दोरी कोचनं जप्त केली. फक्कीचा डबा माझ्याकडेच राहिला. आणि सुनेनं सरळ कोचच्या पिशवीत हात घालून ग्लोव्हज काढून घेतले. हलकं वाटतंय. किती दिवसांनी!

रविवार, १७

पेनल्टी. ठिपका मी टेपनं दोनदा मोजलेला, रेफरीनं तिसऱ्यांदा. सून उजवीकडे झेपावली, चेंडू डावीकडून आत. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ती उठली, गुडघ्यांची माती झटकली, मला शोधलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "आई, हा माझा होता हं!"