कमरेवरचं सामान

रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. वहिनींची दाढदुखी थांबली असेल. धाकट्याचा दात पडला आणि त्याने तो खिशात घालून शाळेत नेला, हे वाचून हसू आलं. इकडे आम्ही दोघं ठीक. सकाळपासून वारा आहे म्हणून काम बंद. उद्या वारा पडेल आणि परवापासून वादळ, असं रेडिओवर सांगतायत. म्हणजे झाड उद्याच कापून उतरवायचं.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. प्रसूतिगृहाच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर चार वाजता तुमच्या बाजूला निघतो. तो पाकीट तुझ्या हातात देईल.

तू विचारलंस ते आधी सांगते. हो, सगळं घेऊन चढते. हातकरवत, मोटर करवत, दोन आखूड दोर, दोन कप्प्या, कड्यांचा घोस. मागे पिशवीत जादा दोर, मलमपट्टी, पाणी, चाकू, शिट्टी. मी चालले की कोणीतरी भांडी घेऊन जिना उतरतंय असा आवाज येतो. प्रसूतिगृहाचा वॉचमन रोज म्हणतो, "ताई, झाडावर चाललात की बदलीच्या गावाला?"

झाड प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगणात आहे. दोन बाजूंना तीनमजली भिंती, तिसऱ्या बाजूला जनरेटरची पत्र्याची शेड. क्रेन गल्लीत वळत नाही आणि अख्खं पाडायला जागा नाही. वरून तुकडे करायचे, एकेक दोराने खाली सोडायचा. अर्धं झालं. बुंध्याला मात्र उभी चीर आहे. पहिल्या दिवशी तिच्यात नख जात होतं. काल बोट गेलं.

हे तुला कळवायचं नव्हतं. लिहून झालंय, राहू दे.

तू उद्या येतो म्हणतोस. दोर तू धरणार, "आणि जावईबापूंना फाटकावर गाड्या अडवायला बसव." हे वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं नाही. पत्र टेबलावर उघडं राहिलं होतं. सकाळी त्याने धाकट्याच्या दाताची चौकशी केली. म्हणजे वाचलं.

त्याच्या हातून दोर सुटला, हे खरं आहे. ओंडका तुझ्या पायावर आला, दोन बोटं गेली. त्यातलं एक अक्षर मी खोडत नाही. तोही खोडत नाही. पण तू काम सोडलंस, खाली दोर धरणारा माझा माणूस तो झाला, आणि निघताना तू मला एवढंच म्हणालास, "त्याच्याकडे काही मागायची वेळ येऊ देऊ नकोस. सगळं स्वतःजवळ ठेव."

मी ठेवत गेले.

तू खाली असताना मी काय नेत होते, आठवतं? करवत, आखूड दोर, दोन कड्या. त्याहून जास्त काही पट्ट्याला लावलं की तू चिडायचास. "मग मी खाली काय शोभेला उभा आहे?" मला कप्पी हवी असली की ती दोराच्या शेपटाला बांधून वर यायची. कधीकधी मी तोंड उघडायच्या आधीच यायची. झाडं तीच आहेत, दादा. उंचीही तीच. सामान वाढलं ते झाडांमुळे नाही.

ते त्यालाही कळतं. रोज सकाळी मी पट्टा भरते तेव्हा तो दारात उभा राहून बघतो. एकदाच बोलला, "चमचा राहिला एखादा." मी हसले नाही. तेव्हापासून नुसता बघतो. वजनाने पट्टा खाली ओढला जातो, कमरेला दोन्ही बाजूंनी काळे वण पडलेत. तेही त्याने पाहिलेत.

आता कालचं.

दुपारी एक जाड फांदी कापून खाली सोडली. वजन गेलं तसं झाड मागे झुकलं आणि बुंध्यात आवाज झाला. मोठा नाही. कपाटाचं दार लागावं तेवढा. तू असतास तर तूही तेच म्हणाला असतास जे तो म्हणाला: "खाली ये. लगेच."

मी उतरायला लागले. थोडी खाली आले असेन, आणि पाठीमागून कोणी धरावं तशी थांबले. पिशवी दोन फांद्यांच्या बेचक्यात रुतली होती. पाय अधांतरी. वर सरकायला टेकू नाही, खाली जाता येईना. अंग पिळवटल्यामुळे माझा स्वतःचा दोर खांद्यावरून पाठीमागे गेला होता, पिशवीच्या बंदाला चिकटून. बंद कापला की सुटणार होते. चाकू पिशवीत. शिट्टीही पिशवीत. हातकरवत होती, पण एवढ्या लांब पात्याची करवत पाठीमागे न बघता चालवली तर बंदाआधी दोर तुटतो. सगळं माझ्याजवळ होतं, दादा. हाताशी काही नव्हतं.

बुंधा पुन्हा वाजला.

पुढचं मी आज दोनदा लिहिलं आणि फाडलं. मी ओरडले. "दादा!" म्हणून ओरडले.

अंगणात सगळ्यांनी ऐकलं. वॉचमनने ऐकलं, वरच्या खिडकीतल्या मेट्रनबाईंनी ऐकलं. त्याने ऐकलं.

तो म्हणाला, "बोल."

एवढंच. त्याला हाक मारली असती तर जसा म्हणाला असता तसा. मी म्हटलं, चाकू. माझ्या दोराचं शेपूट खाली त्याच्यापाशी होतंच. त्याने खिशातला चाकू मिटवून बांधला, मी वर ओढून घेतला. मग तो माझी पाठ दिसेल अशा जागी सरकला, भिंतीला लागून. बुंधा फुटला असता तर नेमका त्याच बाजूला आला असता. ते त्याला माहीत होतं. वॉचमन फाटकातून ओरडत होता, "अहो, मागे व्हा!" हा हलला नाही. तिथूनच बोलत राहिला.

"लाल बंद कापायचाय. पांढरा तुझा दोर आहे. हात खाली घे. अजून. तो दोर आहे, सोड. सोड म्हणतो ना! आता उजवीकडे, चार बोटं. हां. तिथे."

मला मागचं काहीच दिसत नव्हतं. पात्याखाली काहीतरी ताणलेलं लागत होतं. ते लाल आहे की पांढरं, हे फक्त त्याला दिसत होतं. मी विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, "काप."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी कापलं.

पिशवी शेडच्या पत्र्यावर आदळली. मेट्रनबाई खिडकीतून करवादल्या, "आत्ता कुठे झोपवलं होतं सगळ्यांना!" वरच्या मजल्यावर एकामागून एक बाळं रडायला लागली. मी खाली आले. त्याने माझा दोर सोडवला. गाठ सोडवायला त्याला वेळ लागला. मग हात पुढे करून म्हणाला, "चाकू." मी दिला. संध्याकाळी त्याने चिरेभोवती साखळीचे वेढे घातले आणि हिसके देऊन आवळले.

झाड सोडून देता येत नाही, हे तुला सांगायला नको. आम्ही नाही म्हटलं तर परवा वारा तेच झाड वरच्या वॉर्डात घालेल.

मगाशी मी हे लिहीत होते. सामान खोलीभर मांडलेलं होतं. तो आला आणि सामानाजवळ उकिडवा बसला.

"उद्या काय काय नेणार?"

"तू सांग," मी म्हटलं. आजवर असं म्हटलं नव्हतं.

तो एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवायला लागला. "चाकू पुढे, छातीवर. तो कधी खाली ठेवायचा नाही, मी असलो तरी. मलमपट्टी मांडीला, ही एका हाताने उघडणारी. करवत. आखूड दोर. दोन कड्या."

"आणि बाकीचं?"

"माग."

"मागितलं आणि तुझं लक्ष नसलं तर?"

हे आमच्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं. तो कडी उघडत, मिटत राहिला. मग म्हणाला, "तर शिव्या घाल. तुझ्या शिव्या वरून छान ऐकू येतात." उठला, दारापर्यंत गेला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा म्हणून हाक मारलीस तरी चालेल."

म्हणून उद्या येऊ नकोस.

माझी भीती गेलेली नाही. काल तो जागचा हलला नाही म्हणून उद्याही हलणार नाही, असं मला कोणी लिहून दिलेलं नाही. तू खाली असलास तर मी निवांत चढेन, हेही खरं आहे. पण मग वरून मी तुलाच हाक मारीन आणि तो फाटकावर बसून ऐकेल. त्यानंतर तो पुन्हा कधी "बोल" म्हणणार नाही. मला त्याच्याबरोबर झाडं उतरवायची आहेत, दादा, आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर घरीही यायचं आहे.

तू सांगितलेलं सामान उद्या खाली राहील, त्याच्या पायाशी. रागाव. पण ये म्हणून मी लिहिणार नाही.

ड्रायव्हर खाली येऊन थांबलाय. हॉर्न देतोय. वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

उद्या उजाडलं की चढते. दुपारपर्यंत नुसता बुंधा उरेल. खाली आले की मी फोन करीन. माझा आला नाही तर त्याचा येईल. तू त्याचा फोन उचलत नाहीस. उद्या उचल.

तुझी,
धाकटी