मेधाच्या गाडीचे ब्रेक

४ नोव्हेंबर
मेधाच्या फोनवर पुन्हा चलानचा मेसेज. द्वारका एक्स्प्रेसवे, वेगमर्यादा ओलांडली. गाडी अजून तिच्याच नावावर आहे, त्यामुळे मेसेज तिलाच येतात. तिला जाऊन तीन महिने होतील. फोन मी चार्ज करून ठेवतो. का ते माहीत नाही.
गाडी आता आमची लेक ऋचा चालवते, रोज गुडगावला ऑफिसला. तिला न सांगता चलान भरून टाकलं.

६ नोव्हेंबर
संध्याकाळी ऋ.बरोबर किराणा आणायला. सिग्नलला गाडी थांबता थांबता पुढच्या स्कूटीला टेकलीच असती.
"ब्रेक किती ढिले आहेत, बाबा. आई कशी चालवायची ही?"
मेधा लांबूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायची. एवढं माहीत आहे, शेजारी बसून बघायचो. मला गाडी चालवता येत नाही. शिकलोच नाही. ती होती.

९ नोव्हेंबर, रविवार
सेक्टर सातच्या गॅरेजमध्ये गेलो. बलबीर मिस्त्री. मेधा गाडी त्याच्याकडेच द्यायची.
"मॅडम नहीं आईं?"
सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला.
म्हणाला, पॅड आणि ब्रेक ऑइल नवीन लागेलच. शिवाय ह्याच गाडीच्या महागड्या मॉडेलला पुढे मोठी डिस्क असते, ती जुन्या बाजारात, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरसकट मिळते, हिला बसते. "पीछे भी डिस्क करवा लो अंकल, गाड़ी खंभे की तरह रुकेगी." मागचं नको म्हटलं. हॉस्पिटलनंतर हात आखडलेला आहे. मागे ड्रमच राहतील, आतले लायनर तेवढे बदलायचे.
"चलाते आप हो?"
"नहीं."
"तो फिर पता कैसे चलेगा, फ़र्क़ पड़ा कि नहीं?"
ऋ. गाडी आणून देईल, एवढं सांगून निघालो.

११ नोव्हेंबर
पुण्याहून माधवीचा फोन, मेधाची धाकटी बहीण. "विकून टाका ना हो ती गाडी, भाऊजी. मेट्रो आहे ना तुमच्याकडे चांगली?" म्हटलं, ऋ. ऐकणार नाही. "अहो, सांगून तर बघा." सांगायचं खातं मेधाकडे होतं. माझ्याकडे…

१६ नोव्हेंबर, रविवार
काल गाडी मिळाली. नवीन पॅड डिस्कवर घासून बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, हळूहळू ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग. पुन्हा तेच. सकाळी लवकर ऋ. आणि मी निघालो. हवेत धूर, घशात खवखव. मध्येच जळका वास आला. बलबीर म्हणाला होता येईल. शेवटी तिने जोरात दाबला. गाडी जिथल्या तिथे. माझा उजवा पाय खाली रुतलेला.
"बाबा, तुम्ही कार्पेटला होल पाडणार!"
हसली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा ऐकलं.
आज बरं वाटलं. काहीतरी करता आलं.

२५ नोव्हेंबर
सरोजिनी नगरला निघालो होतो, ऋ.ला स्वेटर बघायचे होते. रिंग रोडवर ती एका बसच्या मागे इतकी चिकटून की बसवरची जाहिरात बारीक अक्षरांसकट वाचून झाली. ब्रेक अगदी शेवटच्या क्षणी. ढिले होते तेव्हा अंतर ठेवायची.
"अगं, हळू."
"थांबते ना ती आता. तुम्हीच तर करून दिलंत. चिल, यार बाबा."
येतानाही तसंच. स्वेटर कुठले घेतले विचाराल तर आठवत नाही.

२९ नोव्हेंबर
बलबीरकडे गेलो. विचारलं, ब्रेक पहिल्यासारखे होतील का.
"आवाज़ आ रही है?"
नाही.
"एक तरफ़ खिंच रही है?"
नाही.
"तो?"
म्हटलं, बहुत अच्छे हैं.
तो हसायलाच लागला. "अंकल, लोग अच्छे करवाने आते हैं! पुराना माल तो कबाड़ी ले गया." मग चहा मागवला. मला कारण सांगता आलं नाही. हिंदीत नाही, आणि मराठीत सांगायला इथे कोण.

७ डिसेंबर
जेवताना म्हणालो, "तू फार जोरात चालवतेस." एवढं एक वाक्य सकाळपासून तयार करत होतो.
"आईसारखी नाही चालवत. माहीत आहे मला."
ताट उचलून आत गेली. तसं म्हणायचं नव्हतं मला. कसं म्हणायचं होतं, तेही आता…

८ डिसेंबर
अबोला नाही, पण बोलणंही नाही. डबा भरून दिला. "थँक्स" म्हणाली. गेली. बाल्कनीतून गाडी वळेपर्यंत दिसते. वळणावर ब्रेकचा लाल दिवा लागला नाही.

१७ डिसेंबर
मेट्रोत लिहितो आहे.
सकाळी एवढं धुकं की समोरची बिल्डिंग नाही. म्हटलं, आज घरून काम कर. "मीटिंग आहे, बिल्कुल शक्य नाही." ती किल्ली शोधत होती तोवर मी स्वेटर चढवून खाली गेलो. ती आल्यावर शेजारच्या सीटवर बसलो.
"कुठे?"
"तुझ्या ऑफिसपर्यंत. मेट्रोने परत येईन."
"केवढं फिरून यावं लागेल! आणि तुमचं ऑफिस?"
"रजा टाकली."
खरं म्हणजे टाकली नव्हती. आत्ता स्टेशनवरून फोन केला.
पुढे बोनेटपलीकडे काही नाही. तिने चारी दिवे लुकलुकत ठेवले आणि रांगत चालवली. मागे हॉर्न. एकाने शेजारी येऊन काच खाली केली, "मैडम, पैदल चल लो!" मला वाटलं आता ही ॲक्सिलरेटर दाबणार. तिने नाही दाबला. मी खाली पाय रोवून बसलो होतो.
ऑफिसच्या गेटशी थांबलो. स्टिअरिंगवरचे हात तिने काढले नाहीत.
"उद्या पण येणार का तुम्ही?"
"हो."
"रोज?"
मी सीटबेल्ट सोडवला.
"बरं," म्हणाली.
उतरलो. संध्याकाळी येताना गाडीत ती एकटीच असेल. धुकं अजून तसंच आहे.