बोर्डावरचं कुंकू

खंडेनवमी, संध्याकाळ

मी बाबांना स्क्रूड्रायव्हर मारला. चुकून लागला नाही, मारला.

महिनाभर मी नव्या कॉम्प्युटरचा एकेक भाग निवडत होते. गेम खेळता खेळता लाइव्ह जायचं तर प्रोसेसर दमदार हवा, म्हणून कॅबिनेट साधं घेतलं, ग्राफिक्स कार्ड वापरलेलं. मदरबोर्ड तेवढा कोरा करकरीत. आज सगळं जोडायला बसले. स्क्रूड्रायव्हर बाबांचा, हडपसरच्या कारखान्यात आयुष्यभर वापरलेला, सकाळी पूजेत मांडलेला. पाटावरून गुपचूप उचलला. आज हत्यारांना विश्रांती असते, हे काय मला माहीत नव्हतं?

बाबा आले. वाटलं, ओरडतील. तर वाकून, ओल्या बोटानं, त्यांनी मदरबोर्डवरच कुंकू लावलं! "हेही हत्यारच की तुझं," म्हणाले. माझं डोकं फिरलं. मूठ तशीच खाली आणली, मुठीत स्क्रूड्रायव्हर. त्यांच्या तळहातात घुसला. फरशीवर रक्त.

आणि मी आधी काय पुसलं? बोर्ड. बाबा मनगट आवळून उभे, आणि मी ओढणीनं कुंकू पुसतेय, "वाट लावलीत माझ्या बोर्डाची!" म्हणून किंचाळतेय. माणूस आहे का मी?

बिबवेवाडीतल्या दवाखान्यात चार टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "कसं काय लागलं, काका?" मी तोंड उघडलं, पण बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले,

"खंडेनवमीला हत्यार वापरू नये म्हणतात. मी वापरलं."