सामाजिक न्याय, चौथा मजला

३ जुलै
प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, यंदा लॉच्या शेवटच्या वर्षाला ‘सामाजिक न्याय’ तुम्ही शिकवा. वीस वर्षं करारकायदा शिकवल्यावर अखेर कोणाला तरी माझी किंमत कळली. दुसरं कोणी मोकळं नव्हतं, असं ते म्हणाले; पण तोंडावर स्तुती करायला माणूस संकोचतो.
संकल्प : विद्यार्थ्यांचं ऐकून घ्यायचं. पुस्तकाबाहेर पडायचं. आवाज चढवायचा नाही. बायकोने विचारलं, शेवटचा संकल्प घरीही लागू आहे का? आहे, असं मी ओरडून सांगितलं. ती स्वयंपाकघरात होती, म्हणून.

७ जुलै
पहिलं लेक्चर. विषय : ऐकून घेण्याचं महत्त्व. सलग पंचावन्न मिनिटं बोललो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने दोनदा हात वर केला, पण लय तुटली असती.

१५ जुलै
मागच्या बाकावरचीने प्रश्न विचारलाच. सर, न्याय शिकवता येतो की करावा लागतो? उत्तम प्रश्न, पुढच्या आठवड्यात सविस्तर बोलू, असं सांगितलं. काहीतरी वाचावं लागेल.

२२ जुलै
वाचन झालं नाही. त्याऐवजी प्रोजेक्ट दिला. कॉलेजपासून पाचशे मीटरच्या आतला एक अन्याय शोधा, कुठला कायदा मोडलाय ते दाखवा आणि खरोखर दाद मागा. नुसता कागद नको. प्राचार्य म्हणाले, जरा जपून हं. मी म्हटलं, सर, न्यायाला जपून चालता येत नाही. वाक्य जमलं. परिसंवादात वापरावं.

५ ऑगस्ट
सफाईच्या मावशी शनिवारी जिन्यात बादलीसकट पडल्या. मनगट मोडलं. वाईट वाटलं. माझी केबिन चौथ्या मजल्यावर, तीन दिवस तिथे फडका फिरलेला नाही. धुळीतच बसून श्रमप्रतिष्ठेवरचं लेक्चर लिहिलं. फार आतून आलं. मधूनमधून शिंका.

१२ ऑगस्ट
वर्ग झपाटून कामाला लागलाय. मी व्हरांड्यातून गेलो की मुलं बोलायची थांबतात. आदर. मागच्या बाकावरची दोनदा मावशींच्या घरी जाऊन आली म्हणे. सहृदय मुलगी, संस्कार शेवटी शिक्षकाचेच. विषय कोणता घेतला, विचारलं तर म्हणाली, कळेलच सर तुम्हाला. घरी सांगितलं, बहुतेक माझा सत्कार करताहेत. बायको म्हणाली, बहुतेक नाही. तरी नवा शर्ट इस्त्रीला दिला.

२८ ऑगस्ट, सकाळी ११
प्राचार्यांच्या ऑफिसातून पत्र. येत्या गुरुवारी तक्रार निवारण समितीपुढे हजर राहावे. मला वाटलंच होतं, कधी ना कधी सदस्य म्हणून घेतील.

दुपारी २
सदस्य म्हणून नाही.
तक्रार लिफ्टशेजारच्या पाटीबद्दल आहे. ‘लिफ्ट प्राध्यापक व पाहुण्यांसाठी. सफाई कर्मचाऱ्यांनी जिना वापरावा.’ खाली इमारत समितीचा अध्यक्ष म्हणून सही माझी. सहा वर्षांपूर्वीची. साफ विसरलो होतो. बादलीतलं पाणी सांडून बूट खराब व्हायचे, एवढाच हेतू. अर्ज अकरा पानी. मुद्देसूद. परिशिष्ट ‘ब’ म्हणजे माझ्याच लेक्चरच्या नोट्स.

४ सप्टेंबर
सुनावणी. नवा शर्ट घातला. उलटतपासणी मागच्या बाकावरचीने घेतली. विचारलं, सहा वर्षं रोज ही पाटी दिसत नव्हती का? मी म्हटलं, दिसायची ना, पण ती माझ्यासाठी नव्हती, म्हणून वाचली नाही. समितीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मला वाटलं, मुद्दा पटला.
मग मावशी. हात गळ्यात बांधलेला. समितीने विचारलं, सरांवर काय कारवाई व्हावी? मावशी म्हणाल्या, अहो, सरांवर कशाला? ते बिचारे कधी काही बोललेसुद्धा नाहीत माझ्याशी.
म्हणजे त्या माझ्याच बाजूने बोलल्या. घरी आल्यावर बायकोला हे शब्दशः सांगितलं. तिने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मीच उठून दुसऱ्या खोलीत गेलो. तिथे बराच वेळ बसलो.

९ सप्टेंबर
निकाल. मावशींना बरं होईपर्यंत पगारी रजा, उपचार कॉलेजकडे. लिफ्ट सगळ्यांना. पाटी मी स्वतः काढायची.
शिपायाकडून पेचकस आणला. चार स्क्रू, एक गंजलेला. वर्ग उभा. मावशीही आल्या होत्या, निकालाच्या कागदावर अंगठा की सही ते ठरवायला; सहीच केली, डाव्या हाताने. माझा स्क्रू हलेना. त्या म्हणाल्या, उलटा फिरवा सर, उलटा. निघाला. त्यांचं नाव विचारलं. हसल्या, सांगितलं. इथे बारा वर्षं आहेत म्हणे. मला वाटायचं, दोनेक.

११ सप्टेंबर
प्रोजेक्टला वर्गाला पैकीच्या पैकी गुण दिले. मनाचा मोठेपणा आहे, असं स्टाफरूममध्ये कोणी तरी म्हणेल म्हणून थोडा रेंगाळलो. प्राचार्य भेटले. पुढच्या वर्षी करारकायदा.

२४ नोव्हेंबर
परीक्षेचे पेपर तपासून झाले. प्रश्न पाचवा : अधिकारावरच्या माणसाकडून नकळत होणाऱ्या अन्यायाचे एक उदाहरण देऊन चर्चा करा. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस जणांनी उदाहरण म्हणून मला घेतलं. कलमं बरोबर, मांडणी चोख. गुण द्यावे लागले.
एकाने तेवढी माझी बाजू घेतली. हेतू वाईट नव्हता, प्रश्न बुटांचा होता, सर कोणाला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. उत्तर तीनदा वाचलं. कुठल्याच कायद्यात बसवता येईना.
शून्य दिलं.