अधिक-उणे चुकलं

अहमदपूर, रविवार संध्याकाळ

आज आटलेल्या तलावात माझं रिमोटचं विमान उडवलं. उतरताना पंखांच्या मागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, खाली केले की नाक वर उठतं, म्हणून रिमोटमध्ये मिक्सिंग लावलं होतं. फ्लॅपसोबत नाक आपोआप खाली दाबलं जायला हवं. स्विच ओढला, तर विमान शेपटीवरच उभं! उणेच्या जागी अधिक टाकलं होतं मी. घाबरून फ्लॅप बंद केले, तसं ते घसरत शेळ्यांमध्ये घुसलं. नशीब, दोघंही शाबूत; शेळ्याही आणि विमानही.

शेळ्यावाल्या मावशी म्हणाल्या, "साहेब, नवा जिल्हा होणार म्हणतेत, त्याची मोजणी करायलेत का?"

"न्हाई मावशी, रिटायर मास्तर हाय मी. हे खेळणं."

"मग बिघडलं कशानं?"

"अधिक-उणे चुकलं."

"शाळेत काय शिकवायचे?"

तीस वर्षं गणित शिकवलं. पण मी "भूगोल" म्हणालो.