अब्दुल्ला दळवींच्या पूर्वजांची वाटणी

मी, अब्दुल्ला हसनमियाँ दळवी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा क्रेन चालवणं, सध्याचा धंदा काही नाही, राहणार मोहल्ला, पनवेल, जिल्हा रायगड, आज हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. कुणी दमदाटी केलेली नाही, कुणी लाडीगोडी लावलेली नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझी पत्नी बिल्कीस हिचं याबाबत मत वेगळं आहे, ते टाचलेलं नाही.

कलम १. घर. वकीलसाहेबांनी मला समजावून सांगितलं, की आम्हां मुसलमानांना मृत्युपत्रानं फक्त एक तृतीयांश मिळकत देता येते, आणि तीही परक्यांना. वारसांची वाटणी कायद्यानं आधीच करून ठेवलेली आहे. म्हणजे घर आणि बँकेतलं जे काय असेल ते बिल्कीस आणि माझा एकुलता एक मुलगा माज यांच्यात आपोआप जाणार. मी विचारलं, मग मी लिहू काय? ते म्हणाले, काही राहिलं असेल तर ते लिहा. तर राहिलेलं पुढीलप्रमाणे.

कलम २. पाण्याची टाकी. माझ्या गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी सुकापूरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांस द्यावी. नाव बिल्कीसला माहीत आहे. म्हातारपणी जिने चढवत नाहीत म्हणून आम्ही लिफ्ट असलेलं घर भाड्यानं बघायला गेलो होतो. दळवी म्हटल्यावर आतून चहा आला. कुठले दळवी, देवरुखचे का, अशी विचारपूसही झाली. पुढे अब्दुल्ला म्हटल्यावर सोसायटीत पाण्याची फार टंचाई आहे असं कळलं. चहा मी पूर्ण प्यालो. हे गृहस्थ माझे वारस नसल्यामुळे त्यांना टाकी देण्यास कायद्याची हरकत नसावी. टाकी भरून द्यावी.

कलम ३. हत्यारं. पान्यांची पेटी, हेल्मेट आणि दुर्बीण माझा मित्र दयाराम नाखवा यास द्यावी. दयाराम मूळचा उरणकडचा कोळी, हल्ली राहतो सुकापुरात. त्याला मात्र पाण्याची टंचाई लागली नाही. मस्कतच्या बंदरात सव्वीस वर्षं तो माझ्या शेजारच्या क्रेनवर होता. पहिल्याच आठवड्यात माझ्या क्रेनचा दोर अडकला आणि माझ्या तोंडून जी शिवी गेली ती इथं लिहीत नाही. ती ऐकून शेजारच्या केबिनमधून आवाज आला, "कंचा गाव तुजा?"

इथं लोक मला विचारत, दळवी आणि मुसलमान, हे कसं काय? दयारामला विचारत, तू आगरी का कोळी? मस्कतमध्ये दोघांनाही एकाच शब्दात आटपत, हिंदी. मी पनवेलला जन्मलो, पनवेलला मराठी शाळेत शिकलो, पण पुरता हिंदुस्थानी झालो तो मस्कतला.

कलम ४. भाषा. मराठी आणि घरची कोकणी बोली ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी, भरपूर आहे. अरबीचे साधारण चाळीस शब्द आहेत. त्यांतले तीस क्रेनचे आणि दहा आमच्या मुकादमानं मला उद्देशून वापरलेले. मी ते दहा शब्द पुटपुटलो की बिल्कीस दुवा समजून मोठ्या अदबीनं डोक्यावर पदर घेते. सबब हे दहा शब्द तिला द्यावेत, अर्थ सांगू नये.

कलम ५. पूर्वज. बिल्कीसच्या माहेरची माणसं स्वतःला अरबी घोड्यांच्या व्यापाऱ्यांची अवलाद समजतात. मी मस्कतहून परत आल्यावर ती धरून बसली, की आपलाही शजरा, म्हणजे वंशावळ, दिवाणखान्यात हवा. त्याच महिन्यात दयारामनं सुकापूरला फ्लॅट घेतला आणि त्यालाही वास्तुशांतीला वंशावळ लावायची होती. आम्ही दोघं कचेरीसमोर अर्ज लिहून देणाऱ्या कृष्णकांत मास्तरांकडे गेलो. खालची तीन तीन नावं आम्ही सांगितली, वरची अकरा अकरा त्यांनी शोधून काढायची असं ठरलं. वरचा कागद आणि खालचा कागद त्यांनी गोंदानं जोडला आणि वर प्लॅस्टिक मारून घेतलं.

जोडताना वरच्या कागदांची अदलाबदल झाली. माझ्या आजोबांच्या डोक्यावर बाळू धाकू नाखवा, होडीवाला, येऊन बसला, आणि दयारामच्या आजोबांच्या वर शेख युसूफ बसरावाले. आम्ही परत गेलो तर मास्तर म्हणाले, प्लॅस्टिक मारलेलं आता उघडत नाही, आणि तीनशे वर्षांपूर्वी कोण कुणाच्या होडीत बसलं होतं ते तुम्हाला काय ठाऊक? माझ्यापुरतं सांगायचं तर सुकट दिसली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि घोडा दिसला की मी गल्ली बदलतो. तेव्हा मास्तरांची चूक असेलच असं नाही. बिल्कीसनं बाळूला चार महिने भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मग तिला दया आली असावी. आता शबे बरातला, म्हणजे मेलेल्यांची आठवण काढायच्या रात्री, मी बाळूच्या नावानंही फातिहा पढतो आणि ती हलव्याची बशी ठेवते.

दयारामचं जरा अवघड झालं. सर्वपित्रीला त्यानं शेख युसूफचं वेगळं पान वाढलं, मला विचारून वर खजूर ठेवला. कावळा बाकी सगळ्या पानांना शिवला, शेखच्या पानाला शिवेना. तासभर गॅलरीत उभं राहून दयाराम अखेर म्हणाला, शेखसाहेब, तुमची काय इच्छा रायली असंल ती अब्दुल्ला पुरी करील. कावळ्यानं त्या क्षणी खजूर उचलला. ती इच्छा कोणती हे आजवर कळलेलं नाही, पण जबाबदारी माझ्यावर आहे हे कावळ्याला मान्य आहे.

मी दोन वेळा पूर्वजांची अदलाबदल करू म्हटलं. दयाराम म्हणतो, माजे शेख मी देनार नाय, सवय झाली. सबब माझे अकरा पूर्वज माझ्यामागे दयाराम यानं सांभाळावेत. माज यास एकही पूर्वज देऊ नये. कारण पुढील कलमात.

कलम ६. माज. माझा मुलगा माज याला नऊ महिन्यांचा ठेवून मी मस्कतला परत गेलो. तो वाढला बिल्कीसच्या आणि मासळी बाजारातल्या हौसाबाईच्या हाताखाली. सरंग्याचे काटे काढायला हौसानं शिकवलं, पाढे शाळेनं शिकवले, नमाज बिल्कीसनं शिकवली. मी दोन वर्षांनी एकदा येऊन चॉकलेटं वाटली. हाच माज दहा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. गेल्या जानेवारीत त्याचा फोन आला, की अब्बा, इथली शपथ घ्यायची आहे, मग आपला पासपोर्ट परत द्यावा लागेल. मी म्हटलं, "मग बापही परत दे." आणि फोन ठेवला. त्याला आज दहा महिने झाले.

राग कशाचा ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहितो. आमच्यात मय्यत थांबवत नाहीत. दुपारी जोहरच्या वेळी गेलो तर संध्याकाळी असरच्या नमाजापर्यंत माती पडते. परदेशी माणूस व्हिसाच्या रांगेत उभा राहील तोवर माझ्यावर गवत उगवलेलं असेल. माज परदेशी. ज्याला हौसानं काटे काढून भरवलं तो परदेशी, आणि बापाला तीन मुठी माती द्यायला त्यानं परवानगी मागायची. मस्कतमध्ये सव्वीस वर्षं मी परवानगीवर जगलो. एकुलत्या एका मुलाची इथं तीच गत होणार हे मला सोसत नाही.

सबब माज यास माझ्यामागे पूर्वज, शजरा, सल्ला यांपैकी काहीही मिळू नये.

कलम ७. मला पनवेलच्या कब्रस्तानात माझ्या वालिदांच्या शेजारी दफन करावं. जागा नसेल तर थोडं सरकवून घ्यावं, ते नाही म्हणणार नाहीत.

इथपर्यंत लिहून झाल्यावर साक्षीसाठी दयाराम आणि हौसाबाई यांना घरी बोलावलं. हौसाबाईंशी गेली चाळीस वर्षं माझं मासळीच्या भावावरून भांडण आहे, म्हणजे त्या मला नीट ओळखतात. त्यांनी न वाचता सही करायला नकार दिला. मी सगळं वाचून दाखवलं. टाकीला दोघंही हसली. सहाव्या कलमाला कुणी हसलं नाही. हौसाबाई म्हणाल्या, "तू मेल्यावर पोरगा ह्ये वाचनार. मंग त्याला उत्तर कोन देनार?" दयारामनं पेन खिशात घातलं आणि सांगितलं, फोन लाव, नायतर मी साक्षीदार नाय. मी लावला नाही. मग बिल्कीसनं आतून येऊन लावला. नंबर शोधावा लागला नाही, कारण ती रोज रात्री मी झोपलो की त्याच्याशी बोलत असे, हे मला आज कळलं. हौसाबाईंना पूर्वीपासून माहीत होतं. मासळी बाजाराला माहीत होतं.

माज म्हणाला, "अब्बा, शपथ झाली. रमजानमध्येच. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती."

मी विचारलं, पासपोर्ट? दिला म्हणाला. मी विचारलं, "आणि बाप?"

तो म्हणाला, "मी चौकशी केली अब्बा. तसली खिडकी नाही म्हणाले."

दयाराम मोठ्यानं हसला. मला रडू आलं, आणि ते आलं असं मी पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो. दहा महिने जे बोललो नव्हतो ते मग सगळं बोललो, मय्यतीचं, व्हिसाचं, तीन मुठींचं. मी म्हटलं, तू कुठलाही कागद दे, कुठलाही घे, तू माझा आहेस, मीच मूर्खासारखा बोललो. तिकडून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, व्हिसाचा अर्ज तीन आठवडे उघडून बसलोय, सगळे रकाने भरले, एकच राहिलाय. येण्याचं कारण काय, असं विचारलंय. तिथं काय लिहू ते कळत नाही.

मी म्हटलं, "लिही, बाप जिवंत आहे."

सबब कलम ६ रद्द, आणि कलम ५ मधली शेवटची तीन वाक्यंही रद्द. माज याला पूर्वज, शजरा, सल्ला सगळं मिळावं. खोडलेल्या ठिकाणी आम्हां तिघांच्या सह्या आहेत. बाकीचं मृत्युपत्र वाचून, वाचून दाखवून, समजून कायम केलं. याचा अंमल होण्याची मला आता घाई नाही.

लिहून ठेवणार: अब्दुल्ला हसनमियाँ दळवी (सही)

साक्षीदार:
१. दयाराम नाखवा, सुकापूर (सही)
२. हौसाबाई बळीराम कोळी, मासळी बाजार, पनवेल (सही)

ठिकाण: पनवेल
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५